खेळातल्या करिअरचं बोलताना डोळा विसरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत बर्फावरच्या हॉकीतल्या करिअरवर आलेला लेख वाचला. भारताच्या मुलींनी जून २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक मिळवल्यापासून या खेळाबद्दल मराठीत काही ना काही येऊ लागलं आहे, याचा मला आनंद वाटतो. लेखात एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात वरच्या नॅशनल हॉकी लीगची निवडपद्धत, करार, पगार, कॅनडातल्या ज्युनिअर लीग सगळं व्यवस्थित दिलं आहे. पण एवढ्या मोठ्या लेखात डोळ्याचा उल्लेख एकदाही नाही. माझी सगळी नोकरी मिरजेत एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात परिचारिका म्हणून झाली. निवृत्तीनंतर मी मुलाकडे ब्रिटिश कोलंबियात, सरे इथे राहते. इथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. म्हणून हे पत्र. लांबलं तर जरूर काटछाट करा, पण शेवटचा भाग तेवढा ठेवा, ही विनंती.

मॅनी मल्होत्रा या हॉकीपटूचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल. वडील मूळचे भारतातले, रसायनशास्त्रातले संशोधक. आई क्यूबेकची, फ्रेंच बोलणारी. जन्म १९८० चा, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसॉगाचा. भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू तो नव्हे. तो मान रॉबिन बावा यांचा. ते १९८९ च्या मोसमात वॉशिंग्टनकडून उतरले आणि चार संघांकडून मिळून ६१ सामने खेळले. मल्होत्रा मात्र या लीगमध्ये टिकला, वर्षानुवर्षं टिकला. १९९८ मध्ये, लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू घेतात त्या निवडीत, न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो १८ वर्षांचा होता.

एवढ्या वरच्या क्रमांकावर घेतलेल्या पोराकडून सगळ्यांना गोल हवे असतात. तेवढे त्याच्याकडून झाले नाहीत. न्यूयॉर्कने त्याला फारसं खेळवलं नाही, २००२ मध्ये डॅलसला दिलं, डॅलसने पुढच्या वर्षी सोडून दिलं आणि कोलंबसने उचललं. कोलंबसमध्ये त्याचा जम बसला, पण वेगळ्याच कामात. प्रतिस्पर्ध्याला रोखायचं, आपल्या संघाला एक खेळाडू कमी असताना किल्ला लढवायचा आणि फेसऑफ जिंकायचे. फेसऑफ म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना पंच दोन्ही संघांच्या सेंटरच्या, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूंच्या मधे पक टाकतो तो क्षण. पक म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती कडक रबराची चकती. दोघं वाकून, काठ्या बर्फाला टेकवून, पंचाच्या हाताकडे बघत उभे असतात. समोरच्याने काठीवरचा हात कुठवर खाली सरकवला आहे, त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, पंचाची बोटं कधी सैल पडतात, हे सगळं नजरेनं टिपायचं आणि पक बर्फाला लागतो न लागतो तोच तो मागे आपल्या माणसाकडे ओढायचा. एका सामन्यात असे पन्नास-साठ फेसऑफ होतात. पक हातात आला तर पुढचा खेळ आपला, नाहीतर त्याच्या मागे धावत बसायचं. मला या खेळातलं सगळ्यात जास्त हेच बघायला आवडतं. शेजारच्या पंजाबी कुटुंबाकडे शनिवारी हॉकी नाइटचं पंजाबी समालोचन लावतात, त्यातलं बरंचसं हिंदीच्या आधाराने मला कळतं, आणि फेसऑफ आला की मी पक सोडून खेळाडूचे डोळे बघते.

२०१० च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरने मल्होत्राला तीन वर्षांसाठी ७५ लाख डॉलर देऊन घेतलं. प्रशिक्षक अलँ व्हिन्यो यांनी त्याला एक काम नेमून दिलं: आपल्या गोलजवळचा फेसऑफ आला की उतरायचं. त्यामुळे डॅनिएल आणि हेन्रिक सेदिन ही स्वीडिश जुळी भावंडं प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच्या फेसऑफसाठी मोकळी राहायची. त्या मोसमात मल्होत्राने दर शंभरात साठाहून जास्त फेसऑफ जिंकले. त्याचे स्वतःचे गोल ११. आणि व्हँकुव्हर साखळी सामन्यांत सगळ्या लीगमध्ये पहिलं आलं, संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच. सेदिन बंधूंची नावं इथल्या शाळकरी पोरांना पाठ आहेत. त्यांना ती मोकळीक मिळवून देणाऱ्याचं नावही त्यांच्याबरोबर घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

१६ मार्च २०११ ला घरच्याच मैदानावर, कोलोरॅडोविरुद्धच्या सामन्यात, एका काठीला लागून उडालेला पक त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. हेल्मेट होतं, पण त्याला डोळ्यांपुढची पारदर्शक काच नव्हती. तेव्हा मी मिरजेतच होते. ते चित्रण मी इथे आल्यावर पाहिलं. तो खाली वाकतो, हातमोज्यासकट हात डोळ्यावर धरतो आणि तसाच मैदानाबाहेर जातो. तो हात बघून माझ्या जिवाचं पाणी झालं. मार लागलेला डोळा माणूस आपसूक दाबून धरतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. आतून फाटला असेल तर दाबल्याने आतलं सगळं बाहेर येतं.

शस्त्रक्रिया झाल्या. या मोसमात तो आता खेळणार नाही, असं संघाने जाहीर केलं. तरीही ४ जूनला, स्टॅन्ले चषकाच्या म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात तो उतरला, या वेळी पूर्ण चेहरा झाकणारं कवच लावून. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि त्याच्या नावाचा गजर झाला. तो सामना व्हँकुव्हरने अतिरिक्त वेळेत पहिल्या ११ सेकंदांत जिंकला. चषक मात्र सातव्या सामन्यात बॉस्टनने नेला. आपल्याकडे कुणी ही गोष्ट लिहिली असती तर इथेच थांबवली असती, कारण इथवर ती जिद्दीची गोष्ट आहे. मला सांगायचं आहे ते यापुढचं.

डोळा पूर्वीसारखा झाला नाही. २०११-१२ चा मोसम तो कसाबसा खेळला. पुढच्या मोसमात नऊ सामने झाले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये संघाचे जनरल मॅनेजर माईक गिलिस यांनी त्याला उरलेल्या मोसमासाठी जखमींच्या यादीत टाकलं. कारण उघड होतं. या खेळात शंभर किलोचा माणूस बाजूने वेगात येऊन धडकतो आणि ते नियमात बसतं. ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूने तो आला तर मान तयार नसते, खांदा तयार नसतो. एका डोळ्याची नजर गेलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. चहा ओतताना तो कपाऐवजी बशीत जातो, जिन्याची शेवटची पायरी चुकते, सुईत दोरा जात नाही. घरातली माणसं म्हणतात, ‘दुसरा डोळा चांगला आहे ना, मग?’ अंतराचा अंदाज दोन डोळ्यांनी मिळून येतो, तो एकट्या डोळ्याला पूर्ण भरून काढता येत नाही. काही महिन्यांत माणूस सरावतो, चहा कपात पडू लागतो. पण पक ताशी दीडशे किलोमीटरने येतो. त्या वेगाशी सरावायला कोण किती सरावणार?

गिलिस यांच्यावर तेव्हा टीका झाली असेल, नसेल. माझ्या मते तो निर्णय धीराचा होता. खेळाडू ‘मी खेळतो’ म्हणत असताना त्याला थांबवणं फार थोड्यांना जमतं. आमच्या वॉर्डात डॉक्टर सांगायचे, दोन आठवडे शेतात जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आणि चौथ्या दिवशी माणूस ऊस तोडायला गेलेला असायचा. त्याला अडवणारं घरात कुणी नसायचं.

मल्होत्रा मात्र थांबला नाही, हेही खरं. २०१३ च्या शरद ऋतूत तो खालच्या लीगमध्ये, शार्लट चेकर्सकडे, आधी चाचणीसाठी म्हणून गेला. तिथून कॅरोलायनाने त्याला वर घेतलं. जिद्दीने खेळात परतणाऱ्याला दिला जाणारा मास्टरटन पुरस्कार असतो, त्याच्या शेवटच्या तिघांत २०१४ मध्ये त्याचं नाव होतं. पुढचं वर्ष माँट्रियलमध्ये. एकही गोल नाही, पण फेसऑफ अजून निम्म्याहून जास्त जिंकत होता. एनएचएलमधला तोच त्याचा शेवटचा मोसम. एकूण ९९१ सामने. हजाराला नऊ कमी. या लीगमध्ये हजाराव्या सामन्याला खेळाडूला चांदीची काठी देतात, घरच्यांना मैदानावर बोलावतात. २०१३ मधला मोसम पूर्ण झाला असता तर तो आकडा कधीच ओलांडला गेला असता.

आज तो प्रशिक्षक आहे. व्हँकुव्हर आणि टोरांटो इथे सहायक म्हणून काम करून २०२४ मध्ये तो ॲबट्सफर्ड कॅनक्स या व्हँकुव्हरच्या खालच्या लीगमधल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, त्याच्या पोरांनी त्या लीगचा काल्डर चषक जिंकला. अंतिम फेरीत समोर होतं शार्लट चेकर्स. ॲबट्सफर्ड आमच्या घरापासून जवळच, तिथली निम्मी दुकानं पंजाबी. त्या आठवड्यात गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्येसुद्धा हाच विषय होता.

आता काचेविषयी. मल्होत्राच्या दुखापतीनंतर दोन वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, न्यूयॉर्कच्या मार्क स्टाल याच्या डोळ्याला पक लागला. त्यानंतर लीगने नियम केला: २०१३-१४ पासून ज्यांचे २५ पेक्षा कमी सामने झालेत त्यांना काच सक्तीची, बाकीच्यांनी आपल्या मर्जीने ठरवावं. आज काचेविना खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. हेल्मेटचंही असंच झालं होतं. १९७९ मध्ये ते नव्या खेळाडूंना सक्तीचं केलं आणि शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू, क्रेग मॅक्टाव्हिश, १९९७ ला निवृत्त झाला. म्हणजे अठरा वर्षं. काचेवर वाफ धरते, ओरखडे पडतात, घाम साचतो, ही तक्रार खोटी नाही. शस्त्रक्रियागृहात तोंडाला मास्क लावून चष्म्यावर येणारी वाफ मी पुष्कळ सोसली आहे. पण खरं कारण वेगळं होतं. काच लावणारा भित्रा, अशी समजूत होती. समजुतीपायी किती डोळे गेले असतील, या विचाराने आजही त्रास होतो.

विली ओ’री यांची हकिगत इथे फार अभिमानाने सांगतात. एनएचएलमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. १८ जानेवारी १९५८ ला ते बॉस्टनकडून माँट्रियलमध्ये उतरले. त्याच्या दोन वर्षं आधी पक लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ सगळी गेली होती. डॉक्टरांनी खेळू नको म्हटलं होतं. त्यांनी ते लपवलं, कारण लीगचा नियम होता की एका डोळ्याने न दिसणाऱ्याला खेळता येत नाही. आधीच रंगावरून शिव्या खाणाऱ्या माणसाने ही गोष्ट उघड केली असती तर दार कायमचं बंद झालं असतं. डाव्या बाजूला खेळताना उजवीकडचा पक बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागायची. पुढे लॉस एंजलिसमध्ये त्यांना उजव्या बाजूला घेतलं आणि ते गोलांवर गोल करू लागले. एनएचएलमधले सामने फक्त ४५, पण खालच्या लीगमध्ये १९७९ पर्यंत खेळले. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम, २०२२ मध्ये बॉस्टनने त्यांचा २२ क्रमांक निवृत्त केला. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे. पण मुलांना ही गोष्ट सांगताना ‘लपवलं म्हणून जमलं’ असं कुणी सांगू नये. लपवायला भाग पाडणाऱ्या काळाबद्दल सांगावं.

तो नियम पुढे ब्रायन बेरार्डच्याही आड आला. १९९५ च्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. मार्च २००० मध्ये ऑटवाला समोरच्याची काठी उजव्या डोळ्यात गेली. परत खेळायचं तर त्या डोळ्याची दृष्टी किमान २०/४०० हवी. आपल्या पद्धतीने ती ३/६० होते. तीन मीटरवरून समोरच्याची बोटं मोजता येणं, एवढीच. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया आणि खास बनवलेली कॉन्टॅक्ट लेन्स, यांच्या आधाराने त्याने ती रेघ गाठली, विम्याचे ६५ लाख डॉलर परत केले आणि २००१ मध्ये पुन्हा उतरला. ज्या पालकांना आकडे बघायचे आहेत त्यांनी हाही आकडा बघावा.

हे सगळं कॅनडातलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पकचं वजन १५६ ते १७० ग्रॅम. क्रिकेटच्या लेदर चेंडूचं वजनही याच घरातलं. फरक आकाराचा. पक इंचभर जाड, त्यामुळे कडेवर आला तर भुवई आणि गाल यांच्या हाडांमधून सरळ बुबुळावर जातो. चेंडू हाडांवर अडतो खरा, पण डोळा दाबला जातोच. बॅडमिंटनच्या शटलचं बूच पकसारखंच इंचभराचं, ते खोबणीत बरोबर बसतं. आणि विटीची टोकं कशी असतात ते मी सांगायला नको. सबा करीम यांचा डोळा २००० साली ढाक्याला अनिल कुंबळेच्या चेंडूवर यष्टिरक्षण करताना गेला. दक्षिण आफ्रिकेचे यष्टिरक्षक मार्क बाउचर यांचा २०१२ मध्ये टॉन्टनला, उडालेल्या बेलने. बाउचर यांचं करिअर तिथेच संपलं. करीम त्याच वर्षी एक कसोटी खेळले, पण पुढे त्यांनाही थांबावं लागलं. दोघांनीही त्या वेळी हेल्मेट घातलं नव्हतं.

आमच्या वॉर्डात उन्हाळ्याच्या सुटीत ही मुलं यायची. ‘रामायण’ मालिका सुरू होती तेव्हा बाणांची, एरवी विटीची आणि चेंडूची. एक मुलगा मला विसरता येत नाही. विटी लागलेली, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचलेलं. उशांवर उशा लावून त्याला बसतं ठेवलं होतं, म्हणजे रक्त खाली बसावं. टॉर्च मारली की बुबुळासमोर लाल रेघ दिसायची, भांड्यातल्या पाण्याच्या पातळीसारखी सरळ. तिसऱ्या दिवशी ती रेघ अर्ध्याच्या खाली आली, आई खुश झाली. चौथ्या दिवशी त्याला बरं वाटलं म्हणून तो कॉटवरून उतरला आणि पळाला. संध्याकाळी डोळा पूर्ण भरलेला, दाब वाढलेला, पोरगं वेदनेने ओकत होतं. पुढे त्याला त्या डोळ्याने उजेड तेवढा कळायचा. हुशार मुलगा होता, गोलंदाजी करायचा.

कॅनडाने हे थांबवून दाखवलं आहे. टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी यांनी सत्तरच्या दशकात देशभरातल्या डॉक्टरांकडून हॉकीत जखमी झालेल्या डोळ्यांच्या नोंदी मागवल्या आणि त्या नोंदी हातात घेऊन ते चेहऱ्यावरच्या जाळीच्या मागे लागले. आता इथे मुलांच्या हॉकीत प्रमाणित जाळी लावल्याशिवाय बर्फावर पाऊलच टाकू देत नाहीत, आणि पूर्ण जाळी लावणाऱ्या मुलांमध्ये डोळा जाणं जवळजवळ बंद झालं आहे. माझी नात खेळते. जाळीचा पट्टा सैल असला तर तिचे प्रशिक्षक तिला बाहेर काढतात, मग सामना कितीही रंगात असो.

आपल्याकडे एप्रिल लागला की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येतात. माझी विनंती एवढीच की त्या दिवसांत क्रीडा पानावर आपण चौकट छापावी: लेदर चेंडूवर यष्टिरक्षण करणाऱ्या आणि फलंदाजाजवळ उभ्या राहणाऱ्या मुलाला जाळीचं हेल्मेट, हॉकीत पेनल्टी कॉर्नर अडवणाऱ्याला मुखवटा, बॅडमिंटनच्या दुहेरीत पुढे उभ्या असलेल्याने जोडीदाराचा फटका बघायला मागे वळायचं नाही, आणि डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा गॉगल. साधा काचेचा चष्मा घालून खेळवू नये, तो फुटून डोळ्यात जातो. शिबिराचे पैसे भरण्याआधी पालकांनी हे विचारावं. उत्तर ‘आमच्याकडे आजवर काही झालं नाही’ असं आलं तर दुसरं शिबिर बघावं.

आणि डोळ्याला चेंडू, विटी, शटल काहीही लागलंच तर: चोळू नका, दाबू नका, पाण्याने धुऊ नका. दूध, मध, तूप काही घालू नका. घरातले जुने थेंब टाकू नका. कागदी कप अर्धा कापून त्याची कड भुवई आणि गालाच्या हाडावर टेकेल असा ठेवा, डोळ्याला लागू देऊ नका, वरून चिकटपट्टी लावा. मुलाला आडवं न करता बसतं ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. ॲस्पिरिनची गोळी देऊ नका. ‘आता नीट दिसतंय’ असं तो म्हणाला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही सुटतो. त्यामुळे पुढे डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

आपली,
नेत्रविभागातील एक निवृत्त परिचारिका
सरे, ब्रिटिश कोलंबिया (मूळ गाव मिरज, जि. सांगली)